गणपतीच्या आराशीत आगगाडी: डीसी आणि डीसीसी एकाच रुळांवर चालवण्याआधीची तयारी

बडोद्यात गणपतीपुढे आगगाडीची आरास करायची तर विषय डभोईचाच. 1862 साली, खंडेराव महाराजांच्या काळात, डभोई ते मियागाम लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत होते. 762 मिमीची ती नॅरोगेज 1:87 मापात उतरवली तर पावणेनऊ मिमी भरते, म्हणजे बाजारात मिळणारे एन गेजचे 9 मिमीचे रूळ खुशाल वापरता येतात. बैलजोडी पुढे शोभेला ठेवावी. तिला डिकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेली हुकूम वाचणारी चिप, लागत नाही. प्रश्न असतो तो इंजिनांचा. वडिलांच्या हौसेची जुनी इंजिनं डीसीवर (साध्या एकदिश विजेवर) चालणारी आणि परदेशातल्या भावाने आणलेलं आवाजाचं इंजिन डीसीसीवर (डिजिटल कमांड कंट्रोलवर, म्हणजे रुळांतून हुकूम पाठवणाऱ्या पद्धतीवर) चालणारं. दोन्ही दाखवायची असतात आणि टेबल मात्र एकच.

दोन्हींतला फरक आधी नीट कळला पाहिजे, कारण पुढची सगळी यादी त्यातूनच निघते. डीसीमध्ये रुळांत साधारण 0 ते 12 व्होल्ट सोडले जातात, कमी-जास्त केले की वेग बदलतो, प्लस-मायनस उलटवलं की दिशा. डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण दाब असतो, चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास, आणि तो सेकंदाला पाच ते साडेआठ हजार वेळा उलटसुलट होतो. त्या उलटण्याच्या लहानमोठ्या अंतरातच हुकूम दडलेला असतो. डिकोडर तो वाचतो, आपला पत्ता असेल तरच हलतो. साध्या डीसी इंजिनाची मोटर अशा रुळावर ठेवली तर जागची हलत नाही, नुसती गुणगुणत तापते. मोटर कोअरलेस असेल तर थोड्याच वेळात जळते. काही डीसीसी यंत्रांत ‘पत्ता शून्य’ देऊन डीसी इंजिन चालवायची सोय असते. ती आराशीत वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा दिवस पाहुण्यांपुढे इंजिन तापवत ठेवण्यात काय हशील?

तेव्हा पहिली खरेदी म्हणजे एक भक्कम डीपीडीटी स्विच (दोन तारा एकदम इकडून तिकडे वळवणारा), मधे बंद थांबणारा, निदान पाच-सहा अँपिअर झेपणारा. त्याचे मधले दोन पाय रुळांना, एका बाजूचे दोन डीसी पॉवरपॅकला (रुळांना वीज देणाऱ्या डब्याला), दुसऱ्या बाजूचे दोन डीसीसी यंत्राला. दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत. एकच तोडून दुसरी सामायिक ठेवायची जुनी पद्धत इथे विसरा. अख्ख्या लेआउटला हा एकच स्विच. अर्धं वर्तुळ डीसी आणि अर्धं डीसीसी असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यावा. इंजिनाची किंवा दिवे असलेल्या डब्याची चाकं फटीवरून जाताना दोन्ही बाजूंचे रूळ क्षणभर जोडतात, डीसीसीचा जोर थेट पॉवरपॅकमध्ये शिरतो आणि त्यातलं किंवा यंत्रातलं काहीतरी कायमचं जातं. दोन गाड्या एकाच वेळी दाखवायच्याच असतील तर आत-बाहेर दोन स्वतंत्र वर्तुळं मांडा, मधे सांधा नको, वायरही वेगवेगळी.

एका स्विचवर चालवायचं तर डीसी इंजिनांना आडोसा हवा. त्यांच्यासाठी दोन-तीन बंद सायडिंग (इंजिनं उभी करायचे बाजूचे रूळ) ठेवायच्या, प्रत्येकीचा एक रूळ प्लास्टिकच्या जॉइनरने (रुळांची टोकं जोडणाऱ्या, वीज न जाऊ देणाऱ्या तुकड्याने) तोडून त्यावर साधा चालू-बंद स्विच. डीसीसी सुरू करण्याआधी जुनी इंजिनं आत आणि त्यांचे स्विच बंद. इंजिनाची सगळी चाकं फटीच्या आत आली आहेत ना, हे डोळ्यांनी बघायचं, अंदाजाने नाही.

डिकोडरवाल्या इंजिनांची तयारी आराशीच्या आधी, वेगळ्या तुकड्यावर. बहुतेक डिकोडर डीसी रुळावरही चालायची परवानगी घेऊनच येतात. मग होतं असं, की स्विच टाकताना हुकूम पोचायच्या आत डिकोडर रुळातला दाब डीसीच समजतो आणि इंजिन सुसाट सुटतं. उपाय सीव्ही 29 मध्ये (डिकोडरमधल्या 29 क्रमांकाच्या सेटिंगमध्ये) आहे: त्यातल्या आकड्यातून 4 वजा करा. 6 असेल तर 2, लांब पत्ता असेल तर 38 चे 34. आधी आकडा वाचून घ्या. तिथे 4 मिळवलेलेच नसतील तर वजाबाकी करू नका. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा 3 असतो, दोन इंजिनं असतील तर तोही बदला, नाहीतर दोन्ही एकदम निघतील.

विजेचं एक बघून ठेवा. अमेरिकेतून आलेला जुना पॉवरपॅक 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो गेला की संपलाच. मागची पट्टी वाचा, 100-240 लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. पॉवरपॅकवर ‘अ‍ॅक्सेसरी’ लिहिलेले एसीचे स्क्रू असतात, रुळांच्या तारा त्यांना जायला नकोत.

टेबलाखालून दीड चौरस मिमीची मुख्य वायर फिरवा आणि दर मीटरला वर फाटा द्या; जॉइनरच्या भरवशावर राहू नका. मग डीसीसी चालू करून रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवत फिरायचं, क्षणभरच. प्रत्येक ठिकाणी यंत्राने लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे वायर कमी पडते, आणि गाडी घसरली तर शॉर्ट तिथेच धुमसत राहील.

आता घरच्या देवाचं. हळदीकुंकू, अक्षता, दूर्वांच्या काड्या, धुपाची तेलकट काजळी, त्यात भाद्रपदातला दमटपणा. रूळ दिवसातून दोनदा पुसावे लागतात. डीसी इंजिन घाणीवर जरा अडखळून पुढे जातं. डीसीसीत डिकोडरची वीज तुटते आणि आवाजाचं इंजिन पुन्हा पहिल्यापासून धापा टाकू लागतं. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, पण समई-निरांजन विझवून, बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून. ते भडकन पेटतं. आरतीच्या वेळी गाड्या बंद ठेवाव्यात. कापराचं तबक रुळांवरून फिरतं.

स्विचजवळ एकच माणूस. शेजारची मुलं ‘आ केवी रीते चाले छे?’ विचारत हात घालणारच, म्हणून त्यांच्या हाती डीसीचा रेग्युलेटर द्यावा, स्विच नाही. बदल करताना क्रम ठरलेला: वेग शून्य, स्विच मधे, जुनी इंजिनं सायडिंगमध्ये आहेत का ते पाहणं, मगच दुसरी बाजू. लाइट गेली तरी आधी स्विच मधे आणायचा, आणि ती परत आल्यावर हाच क्रम पुन्हा.