पार्टीत मुंजा हवा होता

ठाण्यात घोडबंदर रोडला एका मित्राकडे आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालतो: प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट खेळायची, आणि सगळी पात्रं मिळून 'पार्टी'. डंजन मास्टर मी, म्हणजे गोष्ट पुढे नेण्याचं आणि नियम सांभाळण्याचं काम माझं. नव्या मोहिमेच्या आधी एकाने मागणी केली, "मला मुंजा व्हायचंय. पिंपळावरचा. भिंतीतून आरपार जाणार, तलवारीचा वार लागणारच नाही."

पहिल्याच लेव्हलला हे दिलं तर प्रत्येक बंद दार तोच उघडणार, बाकीच्यांनी काय करायचं? पण अशा मागणीला थेट नाही म्हणणं मला पटत नाही. 1974 च्या मूळ नियमांतसुद्धा खेळाडूला हवं तर ड्रॅगन होऊ द्या, फक्त सुरुवात लहान ड्रॅगनपासून करा, अशी मुभा आहे.

म्हणून त्याला विचारलं, यातलं तुला नेमकं काय आवडलं? तेव्हा कळलं, सोडमुंज व्हायच्या आत गेलेल्या पोराची तगमग त्याला खेळायची होती. किती सुंदर पात्र! शक्तींचं त्याला फारसं नव्हतंच.

मग पात्राची ताकद, चपळाई वगैरे ठरवणारे आकडे सगळे हाफलिंगचे (खेळातल्या बुटक्या जमातीचे) घेतले, वर्णन मुंजाचं. मार लागतो, जखमा होतात. भिंतीपलीकडे जाणं मिस्टी स्टेप या क्षणात जागा बदलणाऱ्या मंत्राच्या धर्तीवर: 30 फूट, पलीकडची जागा दिसत असेल तरच, आणि लाँग रेस्टमागे (पात्रांच्या रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा. शिवाय पिंपळाची फांदी जवळपास हवी, ती दुरावली की ही शक्ती बंद. फांदी सांभाळायचं काम क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या ताईने आपणहून घेतलं, आणि दोघांची सगळ्यात छान संभाषणं त्यावरूनच होतात.

तिसऱ्या लेव्हलला ही शक्ती दिवसातून दोनदा देणार आहे.