दुखण्याचं बिल नसतं, मग क्लेममध्ये ते मागायचं कसं?

जून २०२२ मध्ये शिरवळच्या अलीकडे एका कारने दादाच्या बाइकला मागून उडवलं. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकला आणि पुढचे सहा महिने घरात तो आणि त्याचा वॉकर. क्लेमची सगळी पळापळ माझ्याकडे होती म्हणून हे लिहितोय, कारण औषधाची बिलं कशी लावायची ते सगळेच सांगतात, पण माणूस रात्र रात्र कण्हत काढतो त्याचे पैसे मागता येतात का आणि मागायचे तर दाखवायचं काय, हे कोणी धड सांगत नाही. मी वकील नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर पैसे मागता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला एमएसीटी म्हणतात तिथे अर्ज करायचा, आणि अपघात जिथे झाला तिथेच करायला पाहिजे असं काही नाही, आपण राहतो तिथेही चालतो. आम्ही पुण्यातच केला. आत कोणकोणत्या नावाखाली पैसे मागायचे ते सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात लावून दिलंय. एका बाजूला हिशोबाचे पैसे, म्हणजे दवाखाना, गाडीभाडं, चांगलंचुंगलं खाणं, बुडालेला पगार, पुढची कमाई. दुसऱ्या बाजूला वेदना आणि यातना, आणि आयुष्यातल्या साध्या साध्या गोष्टी करता न येणं, म्हणजे मांडी घालून बसता न येणं, पोराला उचलून घेता न येणं वगैरे. ही शेवटची दोन नावं बरेच जण एकातच कोंबतात आणि मग एकच आकडा मिळतो. अर्जात वेगवेगळी लिहायला लावा.

यूट्यूबवर एक हिशोब फिरतो बघा, दवाखान्याचं बिल गुणिले तीन म्हणजे दुखण्याची भरपाई. तो अमेरिकेतल्या इन्शुरन्सवाल्यांचा हिशोब, आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडे मल्टिप्लायर म्हणतात ती वयावरून ठरणारी संख्या आणि ती लागते कमाईच्या नुकसानाला. वय ३४, महिन्याची कमाई २० हजार, कामाची क्षमता २५ टक्के गेली असं धरा, तर २० हजार गुणिले १२ महिने गुणिले १६ (या वयाचा मल्टिप्लायर) आणि त्याचे २५ टक्के, झाले ९ लाख ६० हजार. स्वतःचा धंदा असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के कमाईत मिळवून मागा, मग तोच आकडा १३ लाख ४४ हजारांवर जातो. वेदनेला असला कुठलाच फॉर्म्युला नाही, तिथे जज साहेब इजा किती, ऑपरेशनं किती, दवाखान्यात किती दिवस, पुढे किती वर्षं भोगायचंय हे बघून एक रक्कम धरतात. काजल नावाच्या बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने वेदना आणि साध्या गोष्टी करता न येणं या दोन्हींचे मिळून १५ लाख दिले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुरलीधर यांच्या केसमध्ये नुसत्या वेदना-यातनेचे १५ लाख. पण ती दोन्ही माणसं शंभर टक्के परावलंबी झालेली होती. साध्या फ्रॅक्चरला तो आकडा डोक्यात धरून बसू नका.

फॉर्म्युला नाही म्हणूनच कागद लागतो. आमच्याकडे तो कसा तयार झाला ते सांगतो. वहिनीची सवय, दुधाचा हिशोब कालनिर्णयच्या चौकटीत लिहायची. अपघातानंतर त्याच चौकटीत ती बारीक अक्षरात लिहायला लागली, 'दीड लि., रात्री झोप नाही', 'ड्रेसिंग, ओरडला', 'फिजिओ, गुडघा ४० पर्यंत', 'संडासला दोघांनी धरलं'. कोर्टासाठी म्हणून नाही, डॉक्टर विचारतात तेव्हा आठवत नाही म्हणून. दीड वर्षाने उलटतपास आला आणि समोरच्या वकिलांनी विचारलं की तीन महिन्यांत हाड जुळलेलं दिसतंय एक्सरेत, मग सहा महिने दुखत होतं हे कशावरून? दादा नुसता बघत राहिला, त्याला तारीख एकही आठवेना. मग आमच्या वकील मॅडमनी ती पानं पुढे केली आणि त्यावर निशाणी पडली, म्हणजे कोर्टाने पुरावा म्हणून नंबर देऊन ती घेतली. समोरून पुढचा प्रश्न आला नाही. नुसत्या कॅलेंडरवर पैसे मिळतात असं नाही, पण माणूस सांगतोय त्याला मागून टेकू मिळतो. तुम्ही वही करा, फोनमध्ये लिहा, काही करा, पण त्या त्या दिवशीच लिहा. नंतर बसून एका पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते.

दुसरी खाण म्हणजे दवाखान्याचे इनडोअर केस पेपर, म्हणजे पेशंट भरती असतानाच्या रोजच्या नोंदी. डिस्चार्ज कार्डवर दुखण्याचं काही नसतं, 'कंडिशन स्टेबल' लिहून मोकळे. पण सिस्टरच्या नोंदीत रात्री दोन वाजता पेशंट तळमळतोय, ट्रामाडॉल (दुखणं थांबवायचं औषध) दिलं, असं वेळेसकट असतं. ते कागद मागायचा पेशंटला हक्क आहे, लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत द्यायला पाहिजेत. आम्हाला एका दवाखान्याने चार चकरा मारायला लावल्या, पाचव्या वेळी अर्जाच्या कॉपीवर पोच मागितली आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. फिजिओची रोख पावती, मनाच्या डॉक्टरकडे गेला असाल तर ती चिठ्ठी, टाके दिसतील असे तारखेचे फोटो, सगळं एका फाइलला. मनाच्या डॉक्टरकडे गेलो हे सांगायला लाजू नका, दादा अजून मागून हॉर्न वाजला की दचकतो.

अपंगत्वाचा दाखला घाईत काढू नका, उपचार थांबल्यावर काढा. आणि ज्याने ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरला साक्षीला बोलवायचा प्रयत्न करा, कारण कधी तपासलंच नाही अशा डॉक्टरचा रेडीमेड दाखला कोर्टाच्या डोळ्यात खुपतो. दाखल्यावरचा टक्का आणि कामावर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेला तर ड्रायव्हरची रोजीरोटीच जाते, क्लार्क कदाचित नोकरी टिकवेल, हे उदाहरण त्याच राजकुमार निकालातलं. दादा इलेक्ट्रिशियन, दाखला १८ टक्क्यांचा. मॅडमनी डॉक्टरांना एवढंच विचारलं की हा शिडीवर चढू शकेल का. डॉक्टर म्हणाले, मी चढू देणार नाही.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा नियम आहे. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीवरून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेशही आलाय, पण त्या भरवशावर राहायचं कशाला, सहा महिने म्हणजे सहा महिनेच धरा. एफआयआर, स्पॉट पंचनामा, एमएलसी (दवाखान्याने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद), समोरच्या गाडीचं आरसी आणि पॉलिसी हे पोलीस स्टेशनमधून काढा. कार पळून गेली आणि नंबरच नसेल तर हा रस्ता नाही, तिथे हिट अँड रनची सरकारी स्कीम, गंभीर इजेला ५० हजार, अर्ज तहसील किंवा प्रांत ऑफिसकडे.

मध्येच कोणीतरी सुचवेल की कलम १६४ खाली घ्या, चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात. खरंय, पण ते एकदा स्वीकारलं की १६६ चा दावा संपतो. साक्षीदार नाही, चूक कोणाची यावर वाद आहे, तर विचार करा. दादाला मागून ठोकलं होतं, सीसीटीव्ही होता, आम्ही नाही म्हणालो. लोकअदालतीचंही तसंच, पैसे लवकर येतात हे खरं पण तिथे तडजोड झाली की अपील नाही, म्हणून ऑफर आली की त्यात वेदनेचे किती धरलेत ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं 'लमसम आहे हो'. लमसम म्हणजे तिथे कापलंय असं मी समजतो.

मेडिक्लेम मिळालाय म्हणून दवाखान्याचं बिल मागायचं नाही असं काही जण सांगतात. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, तेव्हा मागा.

आणि वकिलाची फी. मिळेल त्यातले इतके टक्के, असं ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी दवाखान्याच्या गेटवर तुम्हाला तसं सांगणारा कोणीतरी भेटेलच. फी आकड्यात ठरवा, कागदावर घ्या, आणि कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका.

निकाल लागला की त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाका. रक्कम कमी वाटली तर हायकोर्टात अपील करायला ९० दिवस असतात आणि कॉपीशिवाय कोणताही वकील काही सांगू शकत नाही. दादाच्या निकालात वेदनेचे दीड लाख आले, आम्ही तीन मागितले होते. अपील केलं नाही. वहिनी म्हणाली, आता मला चौकटीत फक्त दूध लिहायचंय.