इंग्लंडमधल्या किंग्ज लिन या बंदराच्या गावाला जाताय? मग हे आधी वाचा

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून डायरेक्ट ट्रेन आहे, साधारण दोन तास लागतात, आणि स्टेशनवरून नदीकाठ चालत गाठता येतो त्यामुळे टॅक्सीच्या भानगडीत पडू नका.

पहिलं मिन्स्टर चर्च गाठा. टॉवरवरचं एक घड्याळ नीट बघा, त्यावर आकडेच नाहीत, गोल फिरून इंग्रजीत 'लिन हाय टाइड' ही बारा अक्षरं आहेत आणि हिरव्या ड्रॅगनची जीभ पुढची भरती कधी ते दाखवते, म्हणजे जहाजवाल्यांची सोय बघा कशी केली होती! पश्चिमेच्या दरवाज्यापाशी पुराच्या खुणा कोरल्यात, 1953 ची बघा, मग तिच्याही वरची 1978 ची.

समोरच हान्सा हाउस. जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाचं 1475 चं गोदाम, इंग्लंडमध्ये त्यांची एवढी एकच इमारत उरलीय. तिथून काठाकाठाने कस्टम हाउसकडे या, 1683 ची छोटीशी देखणी इमारत आहे, फोटो पाण्याच्या बाजूनेच काढा. शेजारी कॅप्टन व्हँकूव्हरचा पुतळा, कॅनडातलं शहर ज्याच्या नावाचं तो इथलाच.

कोळ्यांच्या जुन्या घरांचं ट्रूज यार्ड म्युझियम मला तरी सगळ्यात जास्त आवडलं, पण निघायच्या आधी ते उघडं आहे का बघून घ्या. आणि जॅकेट ठेवा, ग्रेट ऊझ नदीवरचा वारा उन्हाळ्यातही बोचतो. ओहोटीला नुसता चिखल दिसतो, म्हणून भरतीची वेळ साधा.