फोटोथेरपीत फोटो काढत नाहीत

दहावीपर्यंत मराठी मिडीयम, तेही खानापूर तालुक्यातल्या खेड्यात, आणि मग एकदम बेळगावात नर्सिंग. ज्यांचं असंच झालंय त्यांच्यासाठी लिहायलेय. अ‍ॅनाटॉमी जड जातंय, कन्नड बोलायला तोंड उघडत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी अडकले ते एका साध्या शब्दात. फोटो.

आपल्याकडे फोटो म्हणजे काय, तर भिंतीवरचा हार घातलेला आज्जांचा. एक्स-रे काढला तरी आई म्हणते छातीचा फोटो काढला. त्यामुळं पुस्तकात फोटो वाचलं की डोळ्यापुढं चौकटच येते. ग्रीकमध्ये फोस म्हणजे उजेड, फोटोस हे त्याचंच रूप, आणि ग्राफ म्हणजे लिहिणं, म्हणून १८३९ मध्ये जॉन हर्शेलनं फोटोग्राफी शब्द वापरला, उजेडानं लिहिणं. पुढं लोकांनी शेपूट तोडून नुसतं फोटो केलं आणि तेच तुटकं आपल्या घरात आलं. तसबीर तर त्या तुटलेल्या शेपटात होती, आपण ती डोक्याला चिकटवून बसलोय!

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, फोटोफोबिया म्हणजे काय. मी म्हटलं, फोटो काढून घ्यायची भीती. अख्खी खोली हसली, मला अजून ते आठवलं की कान गरम होतात.

मग एका सीनियरनं रूट वर्ड्सची पीडीएफ दिली, ती घोकली, फोटो म्हणजे उजेड, फोबिया म्हणजे भीती, आणि पुढच्या परीक्षेत लिहिलं उजेडाची भीती. तेही चूक. मायग्रेनचा किंवा मेनिंजायटीसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आलेला, पेशंट उजेडाला भीत नाही हो, त्याला उजेड सोसत नाही, खिडकी उघडली की तोंड भिंतीकडं करतो. हे मला वॉर्डातल्या सिस्टरनी एका मिनिटात दाखवलं, पडदा ओढून. पीडीएफवाल्यांवर माझा राग आहे तो यासाठी, अर्धा शब्द शिकवून पूर्ण आत्मविश्वास देतात. पाठ करा, पण पेशंटजवळ उभं राहून तपासा.

घाबरू नका पण. निम्मं आपल्याजवळ आधीच आहे. फोटोसिंथेसिसला आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो, रूममेटच्या कन्नड पुस्तकात द्युतिसंश्लेषणे, दोन्हीकडं उजेड समोरच. फॉस्फरस म्हणजे उजेड वाहून नेणारा, आणि बाबांच्या तोंडात कायम असतं ते नत्र, स्फुरद, पालाश, त्यातलं स्फुरद म्हणजे हेच. फक्त फायटो दिसलं तर थांबा, ते झाड. फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ वगैरे, फोटोसिंथेसिस करतं, हे वाक्य मी तीनदा उलटं लिहिलंय.

आता फोटोथेरपी. कावीळ झालेलं नवजात बाळ निळ्या उजेडाखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. त्या उजेडानं कातडीतल्या बिलिरुबिनचं, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणाऱ्या द्रव्याचं, रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. एक आजी माझ्यावर चिडल्या, फोटो काढायला बाळाचे कपडे कशाला काढलासा? मी म्हटलं, आजी, फोटो नाही, उजेड दाखवायलोय. तर म्हणाल्या, मग अंगणात उन्हात धरतो की, हितं कशाला!

तेवढं मात्र करू देऊ नका. उन्हात बाळ भाजतं, तापतं, आणि किती उजेड मिळाला ते मोजता येत नाही. मी आजींना हेच सांगितलं, आणि पट्टी सरकली होती ती नीट केली.