जुने घरगुती फोटो: या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घराघरात भिंतीवरचे फोटो खाली उतरतात. ओला फडका फिरतो, काच चकाकते आणि कुणीतरी म्हणतं, "आतूनही पुसून घेऊया." ऐंशी वर्षं भिंतीवर तग धरलेल्या फोटोचं खरं नुकसान या अर्ध्या तासात होतं.

कारण साधं आहे. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र कागदावर नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतं. श्रावणातल्या दमट हवेत जिलेटिन ओल ओढतं, फुगतं, चिकट होतं आणि समोरच्या काचेला धरून बसतं. एका घरात लग्नाच्या फोटोचं असंच झालं. मागचे खिळे उपटले, फळी काढली, सुरीचं पातं घालून फोटो ओढला. नवऱ्या मुलाचा चेहरा काचेवर राहिला आणि कागदावर पांढरा चट्टा उरला. मग कुणाच्या तरी सल्ल्याने उरलेला फोटो पाण्यात टाकला. तो हाताने रंगवलेला होता, त्यामुळे नवरीच्या गालावरची लाली पाण्यात उतरली. स्कॅन करायचं सुचलं ते त्यानंतर.

आधी काचेकडे तिरकं बघा. चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो. असा एक जरी डाग दिसला तर फ्रेम उघडू नका, काचेतूनच फोटो घ्या. कॅमेरा काचेला समांतर धरा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून सारखा उजेड येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा आणि आपलं प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. फ्रेम उघडायचीच असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत उघडा. तेव्हाही कोपरा आपणहून सुटला नाही तर फोटो काचेसकट राहू द्यावा. सण आला म्हणून घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण पुढच्या पिढीला चेहरा हवा असतो, चकचकीत काच नव्हे.

बुरशीचे पांढरे ठिपके बोटाने पुसू नका, ते थरात दाबले जातात. फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन दिवस ठेवा. बुरशी सुकून भुकटी झाली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. डब्यात छोटा आर्द्रतामापक असू द्या. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी पुन्हा धरते आणि ३० च्या खाली थर तडकून फोटोची गुंडाळी होते. ४० ते ५० मध्ये फोटो सुखरूप राहतो.

लॅमिनेशन करू नका, कधीच. सेलोटेप नको. डांबरगोळ्या कपाटात ठेवा, फोटोंच्या डब्यात नकोत. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा.

आता सध्याची सगळ्यात मोठी चूक: मोबाइलमधल्या ॲपने चेहरा 'स्पष्ट' करणं. हे ॲप चेहरा साफ करत नाही, नवा चेहरा काढतं. एका घरात पणजीचा एकुलता एक फोटो पंधरा माणसांच्या गटातला होता. मागच्या रांगेत ती, चेहरा जेमतेम पाच मिलिमीटर. ॲपने भुवया कोरल्या, ओठ भरले आणि कपाळावरचं कुंकू डाग समजून पुसून टाकलं. तोच चेहरा मोठा करून देवघराशेजारी लागला. पुढे कुणीतरी हिशेब मांडला की पणजी इथे विधवा दिसते, म्हणजे फोटो पणजोबांच्या मृत्यूनंतरचा. अख्ख्या घराचा कालक्रम त्यावर रचला गेला. मूळ फोटोत कुंकू आहे, चांगलं ठसठशीत. कॅमेऱ्यात घालायच्या जुन्या काचा (निगेटिव्ह) आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या असत, म्हणून लाल कुंकू काळं उठतं आणि ॲपला ते डाग वाटतं. लाल लुगडंही तसंच काळपट दिसतं, तेव्हा ॲपने भरलेल्या रंगांवर काडीचाही भरवसा ठेवू नका.

काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्ये, ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्टएवढा असेल तर १२०० वर. स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद ठेवा आणि फाइल टिफ (TIFF) प्रकारात साठवा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल, म्हणजे रंगांचे थर, असतात. पिवळे डाग घालवायचे असतील तर फक्त लाल चॅनल घ्या. डाग बहुतेक निळ्यात असतात, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची, मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

फोटोची मागची बाजू स्कॅन न करणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे. आपला इतिहास तिथेच असतो आणि बहुधा पोर्तुगीज वळणात असतो. शिक्क्यावर 'नोव्हा गोवा' असेल तर ते पणजी शहर, कुठलं वेगळं गाव नव्हे. तारखेतला १ लांब शेंडीचा असतो आणि आपण तो ७ वाचतो. त्यांचा ७ सहसा मध्ये आडव्या रेघेचा असतो. एवढ्याने १९१० चा फोटो १९७० चा होतो, साठ वर्षांनी सरकतो. नावंही ओळखू येत नाहीत. 'श' साठी एक्स, 'क' साठी सी किंवा क्यू-यू, म्हणून काशिनाथ 'Caxinata' (काशिनाता) होतो. प्रभूचा 'पोरोबो', कामतांचे 'कामोतीं', शेणव्यांचे 'सिनाय'. आजच्या स्पेलिंगने दफ्तरात शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल आणि वर म्हणाल की नोंदच नाही. आधी नावाची चार-पाच पोर्तुगीज रूपं कागदावर मांडा, मगच पणजीच्या पुराभिलेख खात्यात, तिथल्याच पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जा. हिंदू घराण्यांसाठी देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे हक्कदार घराण्यांची, यादी बघा, ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही.

फ्रेमच्या मागे घातलेला जुना पेपर फेकू नका, पण त्यावरची तारीख फ्रेम केल्याची, फोटो काढल्याची नव्हे. 'गोमन्तक' दैनिकाचं पान निघालं तर फ्रेम १९६२ ची किंवा त्यानंतरची, आतला फोटो १९२० चाही असू शकतो. स्टुडिओचा शिक्का मुंबईचा म्हणून माणसं मुंबईत राहत होती असंही नाही. मागे मांडवीचा पूल दिसला तर फोटो १९७० च्या आधीचा नाही. धरणात बुडालेल्या कुर्डी गावातलं घर असेल तर जागा पडताळायला एप्रिल-मे पर्यंत थांबा, साळावली धरणाचं पाणी ओसरल्यावरच तिथले चौथरे वर येतात.

आणि म्हाताऱ्या माणसांना, "ही सखूमावशीच ना?" असं विचारू नका. ती मान डोलावतात आणि तुमचा अंदाज पुरावा होऊन बसतो. फोटोची मोठी प्रत काढा, वर बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि नुसतं विचारा, "हे कुणाच्या अंगणात काढलंय?" अंगणापासून सुरुवात झाली की नावं आपोआप येतात. जे नाव येणार नाही त्या आकड्यापुढची जागा रिकामी ठेवा आणि कुणाला, कोणत्या तारखेला विचारलं तेवढं पेन्सिलीने लिहा.