जागतिक विषमतेवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

नागपुरात बर्डीच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं थिअरीला पार्टी समजून राहिली. एक मुक्त व्यापारवाला, दुसरा परावलंबनवाला (गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून राहून मागे पडतात म्हणणारा), मग प्रश्न काहीही येवो, उत्तर ठरलेलंच. मार्क इथेच कटतात भाऊ.

काहून की या थिअऱ्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं 1817 मधे इंग्लंडचं कापड अन् पोर्तुगालची वाइन घेऊन दाखवलं, व्यापारात दोघांचाही फायदा होऊ शकतो. पण त्यातला किती कोणाच्या पदरात पडते हे त्या हिशोबातून निघत नाही. प्रेबिश अन् सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1950 च्या आसपास नेमकं तेच धरलं, की कच्चा माल विकणाऱ्याचे भाव पक्क्या मालापुढे हळूहळू घसरत जातात; परावलंबनवाले याच्यावरच उभे आहेत. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्टचं 1841 मधलं म्हणणं तिसरंच, उद्योग नवा असेपर्यंत सरकारनं त्याला सांभाळावं.

उदाहरणाला दरवेळी लॅटिन अमेरिका कशाला, घरचा कापूस घ्या ना. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला युद्ध संपलं अन् भाव कोसळला, रेल्वे नागपूरला पोचली ते 1867 मधे, म्हणजे तेजी सरल्यावर. परावलंबनवाले खुश! पण मग 1877 ला जमशेदजी टाटांनी इथेच एम्प्रेस मिल चालू केली, ते कुठे बसवाल? अन् 1896 मधे सरकारनं विलायती कापडावर साडेतीन टक्के ड्यूटी लावली तर तेवढीच एक्साइज देशी गिरण्यांच्या कापडावरही लावली, म्हणजे संरक्षण शून्य. हे लिस्टशिवाय समजतच नाही. दादाभाई नौरोजींचा ड्रेन (भारताची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा सिद्धांत) मात्र लोक इतिहासाच्या पेपरात ठेवून येतात, का कोण जाणे.

विषमता वाढली की घटली हे लिहिताना कोणती ते आधी लिहा. चीन, भारत वाढल्यानं देशादेशांतली दरी कमी झाली, पण बऱ्याच देशांच्या आत ती वाढली. दोन्ही खरं आहे.

वॉलरस्टाइनचा अर्ध-परिघ (श्रीमंत केंद्र अन् गरीब परिघ यांच्या मधले देश) विसरू नका, नाहीतर गरिबीतून वर आलेला दक्षिण कोरिया आला की अडकता.

प्रॅक्टिस करायची तर ऑगस्ट 2025 मधे कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं होतं ते घ्या. सूतगिरणीवाला खुश, कापूस उत्पादक नाराज. आता रिकार्डो, प्रेबिश-सिंगर अन् लिस्ट या तिन्ही थिअऱ्यांकडून चार-चार ओळी लिहा, जिच्या ओळी सुचत नाहीत ती थिअरी परत वाचा.