मोठ्या चाकाच्या युनिसायकलसाठी टायरची तुलना कशी करावी: डांबरी रस्ता आणि कच्ची वाट

दुचाकी सायकलचा टायर पारखताना तो किती सहज धावतो, हा पहिला प्रश्न असतो. २९ किंवा ३६ इंची युनिसायकलवर, म्हणजे एकचाकी सायकलवर, हा प्रश्न बराच मागे पडतो. येथे स्वाराचे सगळे वजन एकाच टायरवर असते, वळण कंबरेच्या पिळाने घ्यावे लागते आणि पुढेमागे तोल सावरण्यासाठी चाकाचा वेग क्षणोक्षणी किंचित वाढवावा किंवा कमी करावा लागतो. म्हणून टायर सहज वळतो का, उतरत्या कडेच्या रस्त्यावर सरळ राहतो का आणि चाकाचा वेग बदलताना किती जड लागतो, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. खाचांची नक्षी त्यानंतर पाहावी.

सुरुवात मापापासून करावी, कारण सर्वांत महाग चूक तेथेच होते. टायरच्या बाजूवर ५०-६२२ अशी जोडसंख्या छापलेली असते. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायर बसतो तेथील व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची युनिसायकलची रिम ६२२ ची, ३२ इंचीची ६८६ ची आणि ३६ इंचीची ७८७ ची असते. इंचांवर विसंबू नये. ६२२ चाच टायर कोठे २८ इंची, कोठे २९ इंची, तर कोठे ७०० सी या नावाने विकला जातो. उलट आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ हा टायर ६३५ चा असतो. गावातल्या दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितल्यास तोच हाती पडण्याची शक्यता अधिक. तो ६२२ च्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच कड सोडून बाहेर येतो. संकरित (हायब्रिड) किंवा माउंटन सायकली विकणाऱ्या दुकानात जाऊन ६२२ हा आकडा डोळ्यांनी वाचूनच टायर घ्यावा.

बहुतेक युनिसायकलींत क्रँक (पायडलचा दांडा) थेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, जोडलेली असते, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. ५०-६२२ च्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७२२ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात साधारण २.२७ मीटर अंतर; ३६ इंची ५७-७८७ चा व्यास सुमारे ९०१ मिमी, म्हणजे २.८३ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारल्यास पहिल्यावर ताशी १२ किलोमीटरच्या थोडे वर आणि दुसऱ्यावर १५ च्या थोडे वर वेग येतो. २९ इंचीवरच रुंद ६१-६२२ चा टायर चढवला, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे ७ सेंटीमीटर अधिक मिळतात, पण क्रँकची लांबी तीच राहिल्याने चढावर पायाला तेवढाच अधिक जोर लावावा लागतो. हवा भरून, स्वार वर बसलेला असताना, खडूची खूण करून चाकाचा एक पूर्ण फेरा टेपने मोजावा. छापील मापापेक्षा हा आकडा विश्वासार्ह असतो.

वजनाचा विचार येथे दुचाकीपेक्षा अधिक गंभीरपणे करावा लागतो. चाकाचा वेग बदलण्यास होणारा विरोध त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तेवढ्याच वजनाचा टायर २९ ऐवजी ३६ इंची चाकावर असेल, तर त्याचा वाटा सुमारे दीडपट होतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर हीच जडता उपकारक ठरते, कारण चाक लहान खड्ड्यांनी अडत नाही. सिग्नल, गर्दी आणि तीव्र चढ मात्र तिची किंमत वसूल करतात. टायर घेण्यापूर्वी तो काट्यावर ठेवून पाहण्यास संकोच करू नये.

आता डांबरी रस्ता. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या ठेवलेल्या असतात. रुंद, सपाट माथ्याचा, कमी हवेचा टायर अशा उतारावर मध्यरेषेवर न टेकता चढाच्या बाजूला सरकून टेकतो आणि चाक एका बाजूला ओढू लागते. डाव्या कडेने जाणाऱ्या स्वाराला तो ओढा सतत पिळाने रोखावा लागतो, आणि तासाभरात कंबर आणि एक गुडघा बोलू लागतात. गोल माथ्याचा, बारीक खाचांचा, पुरेशा हवेचा टायर हा दोष बराच कमी करतो. रिम फार रुंद असेल, तर गोल टायरचाही माथा पसरतो, हे ध्यानात ठेवावे. २९ इंचीवर श्वाल्बे बिग ॲपल आणि ३६ इंचीवर निंबसचा नाइटरायडर हे रस्त्यासाठीचे परिचित पर्याय आहेत. मॅक्सिसचा हूकवर्म २९ × २.५ मापात मिळतो. मजबूत आहे, पण जड असल्याने लांब पल्ल्यासाठी मी तो सुचवणार नाही. ३६ इंचीच्या बाबतीत निवड मुळातच थोडी आहे. हे माप युनिसायकलच्या जगात रुळले, ते टेनेसीतील चॅटनूगा येथील कोकर या जुन्या मोटारींचे टायर पुरवणाऱ्या कंपनीमुळे, आणि अजूनही काही स्वार ३६ इंचीला नुसते ‘कोकर’ म्हणतात.

कच्च्या वाटेवर गणित उलटते. मुरूम आणि सुट्या खडीवर रुंद टायरची पकड अधिक, आणि ओल्या मातीत उंच, विरळ बटणांचा (रबरी उंचवट्यांचा) टायर हवा; बटणे दाट असतील, तर चिखल त्यांत भरून राहतो आणि नक्षी असून नसल्यासारखी होते. मॅक्सिस आर्डेंटसारखा २९ × २.४ मापाचा टायर डोंगरवाटांना पुरतो. तोच डांबरावर आणल्यास वळताना बटणे मुडपतात आणि वळण तुकड्यातुकड्यांनी घेतल्यासारखे होते. घरापासून वाटेपर्यंत निम्मा प्रवास डांबरी असेल, तर मधोमध दाट आणि कडेला उंच बटणे असलेला टायर निवडावा. ३६ इंची चाक मोठे दगड सहज ओलांडते, पण अरुंद, वळणावळणाच्या पायवाटेवर आवरत नाही; तेथे २९ इंचीच बरी.

हवेचा दाब बदलला की तोच टायर निराळा भासतो, म्हणून तुलना करण्यापूर्वी दाब निश्चित करावा. ७० किलोच्या आसपासच्या स्वाराने ३६ इंचीवर रस्त्यासाठी ४५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आणि २९ × २.४ वर कच्च्या वाटेसाठी २५ पीएसआय येथून आरंभ करावा, आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. त्यानंतर तीन-तीन पीएसआयने हवा कमी करत जावे. लहान पायरीवरून उतरताना रिम जमिनीला भिडल्याचा ठोका ऐकू आला किंवा वळताना टायर खालून सरकल्यासारखा वाटला, की एक टप्पा परत वर यावे.

दोन टायरांची प्रत्यक्ष तुलना एकाच फेरीवर, त्याच क्रँकने आणि त्याच दिवशी करावी. फेरीत एक उतरत्या कडेचा डांबरी पट्टा, एक चढ, थांबून पुन्हा निघावे लागेल असा चौक आणि थोडी खडी असावी. वेळ नोंदवण्यापेक्षा चाक कोठे ओढले आणि चढाच्या शेवटी पाय किती भरले, हे लगेच लिहून ठेवावे. दुसरा टायर चढवेपर्यंत आठवण धूसर होते.

३६ इंची ट्यूब सहज मिळत नसल्याने टायरबरोबरच एक जादा मागवावी. अडचणीत २९ इंचीची रुंद ट्यूब ताणून बसवणारे स्वार आहेत. तिने वजनही घटते, मात्र ताणल्याने ती पातळ होते, म्हणून काटेरी वाटेवर ती टाळावी.

टायर बसवल्यावर त्याच्यावरील एखादे अक्षर व्हॉल्व्हसमोर येईल असे ठेवावे. युनिसायकलवर जोर आणि रोध नेहमी क्रँकच्या ठरावीक स्थितीतच पडत असल्याने टायर समोरासमोरच्या दोन जागी लवकर झिजतो. झीज दिसू लागताच हवा काढून टायर रिमवर पाव फेरा फिरवून घ्यावा. व्हॉल्व्हपासून अक्षर किती सरकले, यावरून तो नेमका किती फिरला हे कळते.